तिच्या साड्यांना कात्री लावू का?

‘ताई, स. न. वि. वि. मी मुलुंडला राहतो. वय 66. फिटर म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. गेल्या पावसाळ्यात पत्नी गेली, नुकतंच वर्षश्राद्ध झालं. तिच्या साड्या कपाटात अजून तशाच आहेत. तिला गोधड्या शिवायची फार हौस होती, मुलांच्या लहानपणी तिने घरीच शिवल्या. आता तिच्या साड्यांची एक गोधडी व्हावी असं मनात आहे. पुण्याची मुलगी म्हणते, बाबा, अशा गोधड्या करून देणाऱ्या बायका आहेत, साड्या पाठवून देऊ. सूनबाई म्हणते, गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, वर्ष झालंय, बोहारणीला देऊन टाकू, कपाटात जागाही नाही. मला मात्र वाटतं की ही गोधडी मी स्वतः शिवावी. हे कुणाला सांगायचा धीर होत नाही. सुई मी शर्टाचं बटण लावण्यापुरतीच धरली आहे. हात थोडा थरथरतो. कात्री घेऊन कपाटापाशी जातो आणि साडीला लावायचं धाडस होत नाही, परत येतो. तिची लग्नातली पैठणीही आहे, तिचं काय करावं? माझं नाव छापू नका.’

दादा, नमस्कार.

शिवा. तुम्ही स्वतःच शिवा. कात्री तूर्त ठेवून द्या, पहिल्या गोधडीला ती लागतच नाही.

नेहमीची गोल साडी साधारण 18 फूट लांब आणि 45 इंच रुंद असते. लांबीत तिच्या तीन घड्या घातल्या की 6 फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असा तीन थरांचा तुकडा तयार होतो. एका माणसाच्या पांघरुणाचं हे माप. काठ आपोआप दोन्ही लांब बाजूंना येतात, आणि पदराचं टोक सगळ्यात शेवटी घडीवर घेतलं तर पदर वरच्या अंगाला दिसतो. तिन्ही थरांतून दोरा फिरला की झाली गोधडी. साडी आत अख्खीच असते. उद्या मन बदललं तर टाके उसवता येतील, आणि सुती कापडावरची सुईची भोकं धुण्यात बरीचशी मिटतात. कात्रीपाशी तुमचा हात अडतो यात मला काही वावगं वाटत नाही. या वर्षभरात परत न फिरवता येणारे पुष्कळ निर्णय तुम्हाला घ्यावे लागले असतील. हा एक निर्णय पुढे ढकलता येतो, तर ढकला.

साडी उचलायच्या आधी एक काम करा. वहिनींनी मुलांसाठी गोधड्या शिवल्या होत्या असं तुम्ही लिहिलंय. त्यातली एखादी शिल्लक आहे का? माळ्यावर, दिवाणाच्या पोटात, मुलीच्या घरी? शोधा. विरलेली, फाटलेली असली तरी चालेल. सापडली की खिडकीपाशी उजेडात पसरा आणि फिटरच्या नजरेने बघा. पट्टी घ्या. दोन ओळींत अंतर किती ठेवलंय? एका इंचात टाके किती येतात? वरचा टाका आणि खालचा टाका सारखा आहे की एक लहान एक मोठा? गाठ कुठे दडवली आहे? ओळी या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ गेल्यात, की काठाकाठाने फिरत आत आत येऊन मधोमध संपल्यात? कोपऱ्यावर दोरा कसा वळवलाय? एक दोरा संपला तिथे दुसरा कसा घेतलाय? एखाद्या ठिकाणी टाके एकदम लांब झालेले दिसतील. तेव्हा पोर उठलं असेल, कुकर झाला असेल, दारावर कुणी आलं असेल. हे सगळं वहीत टिपून ठेवा, मापांसकट. वहिनींनी नमुना मागे ठेवलेला आहे आणि नमुना बघून तसाच जॉब उतरवणं हे तर तुमचं आयुष्यभराचं काम.

गोधडीचा टाका म्हणजे धावदोरा, शिवणकामातला सगळ्यात साधा टाका. सुई खाली, सुई वर. पण इतक्या साध्या गोष्टीतसुद्धा प्रत्येकीचा हात निराळा असतो. माझ्या मावशीने शिवलेली आणि तिच्या जावेने शिवलेली अशा दोन गोधड्या आमच्या घरी होत्या. अंधारात हात फिरवला तरी कुठली कुणाची ते कळायचं. वहिनींच्या मापाने तुम्ही टाके घालू लागलात की त्यांचा हात कुठे थांबायचा, कुठे जोर द्यायचा, कुठे वळायचा हे तुमच्या हाताला हळूहळू समजत जाईल. फोटो बघून हे मिळत नाही. दुसऱ्या कुणी उत्तम शिवून दिलेल्या गोधडीतूनही मिळत नाही. मी तुम्हाला स्वतः शिवा म्हणते ते एवढ्याचसाठी.

ती जुनी गोधडी अगदीच विरली असेल तर तिचाही उपयोग आहे. आपल्याकडे विरलेली गोधडी टाकत नाहीत, तिच्यावर नवं कापड चढवतात. जुनी आत जाते, धड कापड खाली-वर येतं आणि पुन्हा सगळीकडून दोरा फिरतो. गावाकडच्या काही गोधड्यांच्या पोटात अशा दोन-दोन पिढ्या असतात. वहिनींची गोधडी मधे आणि त्यांची साडी बाहेरून, असंही करता येईल. जाड होईल, सुईला जोर लागेल, म्हणून ते दुसऱ्या खेपेला करा. मुंबईच्या हवेला तशीही तीन थरांची पातळ गोधडीच बरी, पंख्याखाली बारा महिने वापरता येते.

आता मी एक विचारते. तुमच्या पत्रात सगळीकडे साड्याच आहेत. वहिनींचे गाऊन कुठे आहेत?

मुंबईतल्या फ्लॅटमध्ये साठीची बाई दिवसाचा बहुतेक वेळ गाऊनमध्ये असते. पहाटे पाणी भरताना, डबा करताना, दूधवाल्याला दार उघडताना, खांद्यावर ओढणी टाकून खाली भाजी घ्यायला उतरताना. साडी लग्नकार्याला, हळदीकुंकवाला, बँकेत जायला. साड्या घडी घालून कपाटात राहतात, म्हणून माणूस गेल्यावर आपलं लक्ष त्यांच्याकडे जातं. गाऊनचं पहिल्या महिन्यातच पायपुसणं होतं, कुणी विचारतही नाही. पण वहिनी रोज ज्या कपड्यात तुमच्यासमोर वावरल्या तो बहुधा गाऊनच होता. गोधडीला त्याच्यासारखं दुसरं कापड नाही. सुती, शेकडो वेळा धुतलेलं, मऊ पडलेलं, आटायचं तेवढं आटलेलं, रंग जायचा तेवढा गेलेला. एखादा उरला असेल, फडकं झालेला असला तरी, धुऊन बाजूला काढा. कात्रीची सवय करायचीच असेल तर इथून करा. शिवणी उसवल्या की पुढचा-मागचा भाग सपाट मिळतो. खिसा असेल तर खिशासकट तुकडा कापा आणि गोधडीच्या वरच्या अंगाला, हात सहज पोचेल असा, तसाच शिवून टाका.

साड्या सगळ्या एकदम पलंगावर काढू नका, सोसणार नाही. एका वेळी एक कप्पा. सुती वेगळ्या, रेशमी वेगळ्या, सिंथेटिक वेगळ्या. ओळखू येत नसेल तर आतल्या कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर काडी लावा. सुती धागा कागदाप्रमाणे जळून त्याची राख होते, रेशमी जळताना केस जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. मुंबईत नोकरी करणाऱ्या, लोकलने जाणाऱ्या बायकांच्या कपाटात सिंथेटिक साड्याच जास्त निघतात. इस्त्री लागत नाही, भर पावसाळ्यात रात्रीत वाळतात. पण गोधडीच्या थरांत ते कापड नको. सुईखाली निसटतं, एक थर दुसऱ्यावर सरकतो, घाम टिपत नाही. एखादा नक्षीचा तुकडा फारच जवळचा असेल तर वरून ठिगळासारखा लावा. सुती कमी पडलं तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगळदास मार्केटमध्ये मांजरपाट किंवा मलमल मिळेल, ते मधल्या थराला घ्या. मात्र नवं कापड आटतं. रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच वापरा, नाहीतर पहिल्या धुण्यातच गोधडीला सुरकुत्या येतील.

निवडलेल्या साडीचा फॉल आणि पिको आधी उसवा. घाई नको. फॉलच्या आत धूळ असते, कधी तांदळाचा दाणा, कधी तुटलेली सेफ्टी पिन. डाग असतील, हळदीचे, तेलाचे, पेनाचे. निघाले तर निघाले, घासत बसू नका. रंग जातो का ते बघायला ओला पांढरा रुमाल साडीच्या आतल्या कोपऱ्यावर दाबून वरून इस्त्री फिरवा. रुमालाला रंग लागला तर ती साडी वेगळी भिजवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळत राहा. तरीही रंग सोडत असेल तर फिक्या कापडाजवळ तिला घेऊ नका.

हे धुणं-वाळवणं पाऊस संपल्यावर करा. नवरात्राआधी घरोघरी गोधड्या धुवायची आपली रीत आहे, ती उगीच नाही. तेव्हा ऊन पडायला लागलेलं असतं. रंगीत कापड मात्र सावलीत वाळवा. तोवर हाताला सराव हवा. गाऊनच्या तुकड्यांचा एक फूट लांब-रुंद, तीन थरांचा चौकोन घ्या आणि त्यावर टाके घालत राहा. बिघडला तरी हरकत नाही, गरम भांड्याखाली घ्यायला होईल.

सामान थोडंच लागतं. जाड सुती दोरा, रंग पांढरा. वहिनींनी दुसरा वापरला असेल तर तो. पातळ पण मोठ्या नेढ्याच्या सुया. मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी. सुईत दोरा ओवायची तारेची छोटी चकती सुयांच्या पाकिटासोबत मिळते, ती जरूर घ्या. चष्म्याचा नंबर जुना असेल तर आधी तपासून या. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता होतो.

खरी अडचण जागेची. खेड्यात गोधडी अंगणात, ओसरीवर पसरतात, बायका चारी बाजूंनी बसतात आणि आपापल्या कडेने आत शिवत येतात. वन बीएचकेत हे जमत नाही. मग असं करा: एका दुपारी हॉलमधला टीपॉय हलवून जमिनीवर साडी पसरा. घडी घालताना प्रत्येक थर तळहाताने मधून कडेकडे साफ करत जा, सुरकुती आत राहिली की ती कायमची. कोपऱ्यांवर स्टीलचे भरलेले डबे ठेवा. मग मधोमध सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, वीतभर अंतराने, लांब लांब कच्चे टाके घाला. हे टाके नंतर काढून टाकायचे असतात, त्यांच्याकडून सुबकपणा नको, त्यांनी फक्त थर सरकू देऊ नयेत. हे काम एका बैठकीत पुरं करा. एकदा कच्चे टाके पडले की गोधडी गुंडाळून उचलता येते, मांडीवर घेऊन खुर्चीत बसून शिवता येते आणि रात्री पिशवीत भरून पलंगाखाली सरकवता येते. सूनबाईंच्या हॉलची अडवणूक होत नाही.

मग रोज एक ओळ. ओळींत एक इंच अंतर धरलं तर पावणेचार फुटांत 44 ओळी बसतात. प्रत्येक ओळ 6 फुटांची, म्हणजे सगळी मिळून 264 फूट शिवण, जवळजवळ 80 मीटर. सुरुवातीला एका ओळीला अर्धा तास धरा. रोज एक ओळ केली तर दीड महिना. सकाळचा उजेड सगळ्यात चांगला. हात थरथरतो म्हणालात, तर कोपर खुर्चीच्या हातावर टेकवा आणि एका वेळी एकच टाका घ्या, सुईवर चार-पाच टाके गोळा करायचा मोह नको. पाव इंचाचा टाका पुरे. ओळ वाकडी जात असेल तर सरळ ओळी सोडून द्या आणि काठाच्या आतून चौफेर फिरत मध्याकडे या. कर्नाटकातले सिद्दी लोक त्यांच्या कवंद्या, म्हणजे गोधड्या, अशाच शिवतात, कडेपासून आत. अशा शिवणीत थोडा वाकडेपणा खपून जातो. दोरा ओढताना घट्ट ओढू नका, कापड गोळा होईल. आणि उठताना सुई मोजून डबीत. घरात लहान मूल असेल किंवा नसेल, पलंगावर सुई राहता कामा नये.

मधेच डोळे भरून येतील. येऊ द्या. त्या दिवशी ओळ अर्धी राहिली तर राहू दे.

पुरुषाने सुई धरण्याबद्दल. ज्या शहरात आपण राहतो तिथे कापडाचं काम पिढ्यान् पिढ्या पुरुषांनी केलं. लालबाग-परळच्या गिरण्यांमध्ये साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, साच्यांवर उभे असायचे ते पुरुषच. 1982 च्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले, त्यांची बहुतेक घरं पुरुषांच्या कापडकामावरच जगलेली होती. नाक्यावरचा शिंपी पुरुष. मग स्वतःच्या बायकोच्या साडीला टाका घालायला पुरुषाने का लाजावं?

याहून मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. एड्सची साथ ऐन भरात होती तेव्हा मेलेल्यांची नावंसुद्धा लोक उघड घ्यायचे नाहीत. कित्येकांना घरच्यांनी टाकलं होतं, अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्था देह घ्यायला नकार देत होत्या. 1987 साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये क्लीव्ह जोन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी गेलेल्या मित्रांच्या नावाने कापडी पट शिवायला घेतले. प्रत्येक पट 3 फूट बाय 6 फूट, माणसाच्या थडग्याएवढा. त्यावर त्याचं नाव, त्याचे शर्ट, जीन्स, त्याच्या आवडीच्या वस्तू. त्याच वर्षी 11 ऑक्टोबरला वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानात असे 1,920 पट अंथरले गेले. आज त्यांची संख्या 50,000 च्या घरात आहे, त्यांवर 1 लाख 10 हजारांहून जास्त नावं आहेत आणि सगळ्याचं वजन 54 टन. शिवणाऱ्यांत आया होत्या, बहिणी होत्या आणि फार मोठ्या संख्येने पुरुष होते, जोडीदार, मित्र, बाप. त्यातल्या अनेकांनी त्याआधी सुई कधी धरलेली नव्हती. ते पट जवळून बघितले तर वाकडे टाके आणि डिंकाने चिकटवलेली अक्षरं सर्रास दिसतात. चिलीमध्येही 1973 नंतर लष्करी राजवटीत ज्यांची माणसं नाहीशी झाली त्या बायकांनी गोणपाटावर चिंध्या शिवून चित्रं केली, काहींनी तर त्या हरवलेल्या माणसाचेच कपडे त्यासाठी वापरले. शोक आणि सुई ही जोडी जगभर आहे, त्यात बाई-पुरुष असा भेद टिकलेला नाही. तुमची तीन घड्यांची साडी मापाने त्या अमेरिकन पटांच्या जवळपासच येते.

वासाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण पहिल्या धुण्यानंतर अनेकांना हाच चटका बसतो. शेवटच्या दिवसांत वापरलेला आणि अजून न धुतलेला एखादा कपडा, गाऊन, ब्लाउज, स्कार्फ, घरात असेल तर तो गोधडीत घेऊ नका. सुती फडक्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. डब्यात उदबत्ती नको, डांबरगोळी नको. वास कायमचा टिकत नाही, दर वेळी झाकण उघडलं की थोडा जातो. किती वेळा उघडायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

पैठणी गोधडीत घालू नका. रेशीम घामाने आणि धुण्याने खराब होतं आणि जरीचं वजन हातशिवणीला पेलत नाही. तिची काळजी वेगळी. हँगरला टांगू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. मुंबईच्या दमट हवेत प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडून बुरशी येते. जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. डांबरगोळ्यांचा जरीला स्पर्श होऊ देऊ नका, जर काळवंडते. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवला तर चालतो. दर काही महिन्यांनी घडी मोडून नव्या ठिकाणी घाला, कारण जुन्या घडीवरच रेशीम आधी फाटतं. पावसाळ्यात उघडू नका, ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत सावलीत हवा द्या. दारावर जुनी जर विकत घेणारे येतात. ते साडी जाळून त्यातली चांदी काढतात. खरी जर असेल तर भाव बरा सांगतील, पण तिला हात लावू देऊ नका. ती मुलीला द्या आणि नेसायला सांगा. घडीवर फाटलीच असेल तर निदान पदर वाचवता येईल: सुती कापडावर बारीक टाक्यांनी बसवून फ्रेम करायची, डिंक अजिबात लावायचा नाही, आणि ऊन येणाऱ्या भिंतीवर टांगायची नाही.

मुलीला दुखवू नका. तिची कल्पना वाईट नाही, अशा गोधड्या शिवून अनेक बायका घर चालवतात आणि सुरेख शिवतात. दोन साड्या तिला द्या, तिची गोधडी तिने करून घ्यावी. फक्त एवढं बजावा की साड्या आंधळेपणाने कुरियर करू नकोस, आधी त्या बाईंशी बोल, हाताने शिवणार की मशीनवर ते विचार, आणि उरलेले तुकडे परत माग. दिवाळीत ती आली की तुमच्या गोधडीची एक ओळ तिला घालू द्या. मुलालाही. त्यांच्या लहानपणीच्या गोधडीत आईचे टाके होते.

गोधडी झाली की मागच्या बाजूला एका कोपऱ्यात वहिनींचं नाव आणि वर्ष दोऱ्याने लिहा, शाईने नको. आणि ती पांघरा. शोकेसमध्ये किंवा प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये ठेवायला ही मेहनत करू नका. वापरली तर विरेल, विरली तर वर दुसरी साडी चढवता येईल, तुमच्याकडे कपाटात आहेतच. धुताना बादलीत भिजवून पायाने हलके तुडवा आणि गच्चीवर दोन दोऱ्यांवर आडवी टाका. एकाच दोरीवर ओली गोधडी टांगली की वजनाने टाके ताणतात.

राहिल्या सूनबाई. त्यांच्या बोलण्याचा राग धरू नका. ते कपाट रोज त्याच उघडतात, आणि सासू त्यांचीही गेली आहे. गेलेल्याचे कपडे ठेवू नयेत असं मानणारी घरं आपल्याकडे आहेत हे खरं. त्याच घरांत बाळाचं पहिलं दुपटं आणि कुंची आजी-पणजीच्या जुन्या लुगड्याची करतात, आणि ती आजी हयात आहे का असं कुणी विचारत नाही. पण हा मुद्दा घेऊन त्यांच्याशी वाद घालत बसू नका. त्यांना आधी विचारा की यातली कुठली साडी तुला स्वतःला हवी आहे. कदाचित आजवर कुणी विचारलंच नसेल. मग म्हणा, ‘सिंथेटिक साड्या तुझ्या हाताने देऊन टाक, सुती मी ठेवतोय, त्याची गोधडी शिवतोय, मला एक कप्पा पुरे.’ बोहारणीला दिलेल्या साड्या धुऊन, दुरुस्त करून पुन्हा विकल्या जातात. एखाद्या दिवशी स्टेशनवर कुणाच्या तरी अंगावर ओळखीची साडी दिसू शकते. ते सोसणार नसेल त्या साड्या आधीच बाजूला काढा, घरकामाला येणाऱ्या बाईंना किंवा वहिनींच्या मैत्रिणींना विचारून द्या. बाकीच्या जाऊ देत. आणि त्या बदल्यात बोहारणीकडून भांडं कुठलं घ्यायचं ते सूनबाईंनाच ठरवू द्या.